घर रिकामे आहे, शेत नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अलीकडेच उत्तर अमेरिकेतील प्रेअरी या सपाट गवताळ प्रदेशाच्या, विशेषतः तेथील सोडून दिलेल्या शेतघरांच्या, सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळी टिपलेल्या छायाचित्रांचे एक पूर्ण पान प्रसिद्ध झाले. मी कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात, रिजायना शहरात राहतो आणि सवड मिळेल तेव्हा शहराबाहेरच्या खडीच्या रस्त्यांवर याच विषयाची छायाचित्रे काढतो, त्यामुळे ते पान मी आवडीने आणि जरा चिकित्सकपणेही पाहिले. छायाचित्रांच्या दर्जाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्याखालच्या मजकुराविषयी. एकाही चित्राखाली गाव, प्रांत किंवा महिना दिलेला नव्हता आणि शेती बुडाल्यामुळे लोक परागंदा झाले व मुलूख ओस पडला, असा अर्थ वाचकाने काढावा अशी एकंदर मांडणी होती. हा अर्थ वस्तुस्थितीला धरून नाही. या घरांभोवतीची जमीन आजही कसली जाते, आणि ती ज्या पद्धतीने कसली जाते त्यातच घरे रिकामी होण्याचे मुख्य कारण दडलेले आहे.

ही घरे उभी कशी राहिली, हे आधी सांगायला हवे. कॅनडाच्या सरकारने १८७२ साली केलेल्या जमीन कायद्यानुसार पश्चिमेकडे येऊन वसणाऱ्या माणसाला केवळ १० डॉलर शुल्क घेऊन १६० एकर जमीन दिली जात असे. तीन वर्षे तेथे राहून ठरावीक जमीन नांगरली आणि घर बांधले, की ती त्याच्या नावावर होई. त्यासाठी सारा प्रदेश एक मैल लांब आणि एक मैल रुंद अशा चौकोनांत मोजून आखण्यात आला, अशा ३६ चौकोनांची एक टाउनशिप झाली आणि प्रत्येक चौकोनाचा एक चतुर्थांश म्हणजे एका कुटुंबाची जमीन ठरली. प्रत्येक कुटुंबाने आपल्याच जमिनीवर राहायचे, ही अटच असल्यामुळे आपल्याकडच्यासारखी घराला घर लागून असलेली गावे येथे झालीच नाहीत. हाकेच्या नव्हे, तर अर्ध्या-एक मैलाच्या अंतरावर एकेक घर, शेजारी लाकडी कोठार, पवनचक्कीचा पंप आणि विहीर असा विखुरलेला संसार तयार झाला. ईटन या कंपनीने १९१० ते १९३२ या काळात टपालाने घरांचे नकाशे विकले आणि त्यांबरहुकूम लागणारे लाकूडसामानही पुरवले. त्यामुळे शेकडो मैलांच्या अंतरावर असलेली दोन घरे सख्ख्या भावंडांसारखी दिसू शकतात.

१९३६ साली एकट्या सस्कॅचेवानमध्ये सुमारे १ लाख ४२ हजार शेते होती, म्हणजे जवळजवळ तितकीच शेतकरी कुटुंबे होती. २०२१ च्या कृषिगणनेत ही संख्या सुमारे ३४ हजार भरली. एवढे दोनच आकडे वाचून शेती बुडाली असे कोणालाही वाटेल, पण तिसरा आकडा त्यांच्याशेजारी ठेवावा लागतो: आज येथील शेताचे सरासरी आकारमान १,७०० एकरांच्या वर आहे, आणि एकूण पिकाखालील जमीन त्या काळाहून कमी झालेली नाही, उलट वाढली आहे. १९३० च्या दशकातील दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी अनेकांना घालवले, हे खरे आहे. १८५७ ते १८६० या काळात या मुलुखाची पाहणी करणाऱ्या जॉन पॅलिसरने दक्षिणेकडील कोरडा त्रिकोण शेतीला अयोग्य असल्याचे सांगितले होते आणि नेमक्या त्याच भागात लोकांना वसवण्यात आले. पण घरे रिकामी होण्याचा मोठा ओघ पाऊसपाणी सुधारल्यानंतरही थांबला नाही. ट्रॅक्टर आले, कापणी आणि मळणी एकाच वेळी करणारी कम्बाइन यंत्रे आली, एक माणूस चार माणसांची जमीन करू लागला आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याची जमीन विकत घेतली. जमीन घेणाऱ्याला स्वतःचे घर होतेच. विकत घेतलेल्या जमिनीवरचे घर पाडायलाही खर्च येतो, म्हणून ते तसेच उभे राहिले.

आपल्या पानावरील एका चित्रात छप्पर खचलेल्या घरासमोर पिकाच्या सरळ ओळी स्पष्ट दिसत होत्या. तेथे कोणते पीक होते, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही. पण येथील दक्षिण भागात अशा घराभोवती मसूर असण्याची शक्यता बरीच असते. सास्काटून येथील विद्यापीठात अल स्लिंकार्ड यांनी विकसित केलेला मसुराचा 'लेअर्ड' हा वाण १९७८ साली प्रसारित झाला आणि तेव्हापासून हे पीक येथे इतके पसरले, की कॅनडात पिकणारा बहुतांश मसूर आज याच प्रांतात पिकतो. भारत हा त्याचा मोठा ग्राहक आहे. महाराष्ट्रातल्या ज्या वाचकाने ते चित्र पाहून हळहळ व्यक्त केली असेल, त्याच्या घरच्या आमटीत त्याच मुलुखातील मसूर शिजला असणे मुळीच अशक्य नाही.

छायाचित्रणाच्या इतिहासात ही गोष्ट पूर्वीच स्पष्टपणे सांगितली गेली आहे. अमेरिकन सरकारच्या फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनसाठी काम करताना डोरोथिया लँग यांनी १९३८ साली टेक्सासमधील चिल्ड्रेस काउंटीत एक रिकामे शेतघर टिपले. त्यात नांगराचे तास थेट घराच्या उंबऱ्यापर्यंत आलेले आहेत. चित्र कृष्णधवल आहे, आकाश साधे आहे, ढगांचे नाट्य नाही, आणि तरीही पाहणाऱ्याला काय घडले ते कळते. त्याखालच्या सरकारी नोंदीत यांत्रिक शेतीमुळे कुळांना जमिनीवरून जावे लागते, असे सरळ लिहिलेले आहे. माझ्या मते या विषयावरील ते सर्वोत्तम चित्र आहे, आणि त्या चित्राइतकीच ती नोंदही मोलाची आहे.

याउलट उदाहरण त्याच सरकारी छायाचित्र-विभागातील आर्थर रॉथस्टाइन यांचे. १९३६ साली दक्षिण डाकोटात दुष्काळाची छायाचित्रे घेताना त्यांनी गुराची एक वाळलेली कवटी काही फूट हलवून वेगवेगळ्या पार्श्वभूमीवर टिपली. ते वर्ष अध्यक्षीय निवडणुकीचे होते. उत्तर डाकोटातील फार्गो येथील वृत्तपत्राने हा प्रकार उघडकीला आणून सरकारी छायाचित्रांच्या खरेपणावरच प्रश्नचिन्ह लावले आणि देशभर गदारोळ झाला. कवटी खरी होती आणि दुष्काळही खरा होता. मात्र कवटी हलवल्यामुळे विरोधकांना दुष्काळच नाकारण्याची संधी मिळाली. आजचा छायाचित्रकार कवटी हलवत नसेल, पण तो वेळ निवडतो. त्याच घराचे दुपारी बारा वाजता चित्र घेतले तर मागच्या बाजूला उभा असलेला फवारणीचा भलामोठा ट्रॅक्टर, धान्य साठवण्याच्या चकचकीत पत्र्याच्या कणग्या आणि विजेचे खांब दिसतात. सूर्य मावळताना घराच्या मागून चित्र घेतले, की हे सारे काळ्या सावलीत विरून जाते आणि उरते ते एकटे घर व लाल आकाश. यात खोटे काही नाही, पण निवड आहे, आणि ती निवड वाचकाला सांगितली गेली पाहिजे.

हे लिहिताना मी संधिप्रकाशाच्या विरोधात आहे असा समज होऊ नये. मी स्वतः त्याच्याच मागे असतो, आणि त्याला प्रेअरीइतकी अनुकूल जागा क्वचितच असेल. रिजायना उत्तर अक्षांश ५० अंशांच्या किंचित वर आहे, तर पुणे साडेअठरा अंशांवर. त्यामुळे पुण्यात सूर्य क्षितिजाकडे जवळपास उभा उतरतो आणि येथे तिरका घसरत जातो. विषुवदिनाच्या सुमारास क्षितिजापासून सहा अंश उंचीवर असलेला सूर्य मावळायला पुण्यात साधारण २५ मिनिटे लागतात, येथे ३८ मिनिटे लागतात, आणि जूनमध्ये त्याहूनही अधिक. कोवळ्या, आडव्या उजेडाचा हा काळ लांबल्यामुळे छायाचित्रकाराला घराभोवती एक फेरी मारून कोन बदलण्याइतकी उसंत मिळते. मध्ये डोंगर नाही, झाडी विरळ, त्यामुळे सूर्य खऱ्या क्षितिजावर टेकेपर्यंत दिसतो.

त्यात जमिनीच्या त्या चौकोनी आखणीची भर पडते. येथील रस्ते सरळ उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम धावतात: उत्तर-दक्षिण रस्ता दर मैलाला आणि पूर्व-पश्चिम रस्ता दर दोन मैलांना. म्हणून मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या आसपास सूर्य पूर्व-पश्चिम रस्त्याच्या अगदी टोकाशी उगवतो आणि दुसऱ्या टोकाशी मावळतो. बहुतेक घरेही याच आखणीला समांतर बांधलेली असल्याने त्या दिवसांत पहाटेचे ऊन पूर्वेच्या खिडकीतून शिरून रिकाम्या खोलीतून आरपार पश्चिमेच्या खिडकीबाहेर पडते, आणि रस्त्यावर उभे राहून, कुंपण न ओलांडता, ते टिपता येते. जूनच्या अखेरीस मात्र सूर्य पूर्वेला नव्हे तर ईशान्येला, पहाटे पाचच्या आधीच उगवतो आणि रात्री नऊनंतर वायव्येला मावळतो. वर्षातील बराच काळ सावलीत असलेली घराची उत्तर भिंत तेव्हा सकाळ-संध्याकाळ उजळते. डिसेंबरात सूर्योदय नऊच्या सुमारास होतो, म्हणजे आळशी छायाचित्रकारालाही तो चुकवता येत नाही. थंडी मात्र उणे ३० अंशांपर्यंत उतरलेली असते, बॅटऱ्या पाहता पाहता संपतात आणि घरी परतल्यावर कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बंद न करता आत आणला तर भिंगावर दव साचते.

सूर्योदय आणि सूर्यास्त ही एकाच उजेडाची दोन नावे आहेत, असे छायाचित्रे पाहणाऱ्याला वाटते. शेतावर उभ्या राहणाऱ्याला ते पटणार नाही. पहाटे वारा पडलेला असतो, सखल भागातील लहान तळ्यांवर धुके असते आणि जवसाचे शेत निळे असते, कारण जवसाची फुले सकाळी उमलतात आणि त्यांच्या पाकळ्या दुपारपर्यंत गळून जातात. संध्याकाळी त्याच शेतात गेलेला माणूस तेथे निळे काही होते यावर विश्वास ठेवणार नाही. संध्याकाळचे वैभव वेगळे आहे. जुलैमध्ये गडगडाटी ढग सहसा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात, त्यामुळे पाऊस ओसरल्यावर मावळतीचे ऊन पूर्वेला गेलेल्या ढगांवर समोरून पडते आणि जाणत्या छायाचित्रकाराने अशा वेळी सूर्याकडे पाठ फिरवलेली असते. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुगीत कम्बाइन यंत्रांनी उडवलेली धूळ उजेडाला जाडी आणते. २०२३ साली कॅनडात वणव्यांचा विक्रमी हंगाम झाला. तशा वर्षी धुरामुळे सूर्य क्षितिजाच्या बराच वर असतानाच लालभडक गोळ्यासारखा दिसतो आणि उघड्या डोळ्यांना मंद वाटतो. तारीख आणि कारण न देता असे चित्र छापले, तर वाचक त्याला नेहमीचा प्रेअरी सूर्यास्त समजेल.

घर पडून गेले तरी त्याची जागा ओळखता येते, आणि आपल्या पानात याचे एकही चित्र नव्हते याचे मला वाईट वाटले. उघड्या शेताच्या मधोमध कॅरगाना नावाच्या काटक झुडपांची आणि लायलॅक या फुलझाडाची चौकोनी रांग दिसली, की तेथे एकेकाळी अंगण होते असे खुशाल समजावे. वाऱ्याला अडवण्यासाठी लावलेली ही झाडे बहुतांशी सरकारी योजनेतून आलेली आहेत. १९०१ पासून २०१३ पर्यंत चाललेल्या या योजनेत इंडियन हेड येथील रोपवाटिकेतून प्रेअरीतील शेतकऱ्यांना ६० कोटींहून अधिक रोपे देण्यात आली. जूनच्या आरंभी, कोणीच राहत नसलेल्या अशा चौकोनात लायलॅक फुललेले असते. नव्या रुंद यंत्रांना वळायला अडचण होते म्हणून अशा रांगा आता उपटल्या जात आहेत, आणि त्यांची नोंद घरांइतक्या आस्थेने कोणी करत नाही.

लाकडी धान्य-एलिव्हेटरांचेही तसेच. गावाचे नाव अंगावर मिरवणारी ही उंच कोठारे रेल्वेमार्गालगत साधारण आठ-दहा मैलांवर एक अशी बांधली गेली, कारण घोडागाडीने धान्य आणून त्याच दिवशी परतता आले पाहिजे, असा हिशेब होता. १९३० च्या दशकात प्रेअरी प्रांतांत ती साडेपाच हजारांहून अधिक होती. ट्रक आले, गावागावांत जाणारे रेल्वेचे फाटे बंद झाले, धान्यवाहतुकीचे अनुदान १९९५ साली संपले आणि काँक्रीटची प्रचंड टर्मिनल उभी राहिली. जुनी कोठारे एकामागून एक पाडली गेली. मॅनिटोबातील इंग्लिस येथील पाच कोठारांची रांग राष्ट्रीय वारसा म्हणून जपली आहे. फ्लेमिंग येथील १८९५ सालचे कोठार मात्र २०१० साली जळून गेले. त्याची आता छायाचित्रेच उरली आहेत, आणि त्यांतील किती चित्रांवर तारीख आहे, हा प्रश्न संशोधकाला पडणारच.

रिकामेपणाविषयी बोलताना आणखी एक गोष्ट टाळून चालणार नाही. ज्या कुटुंबांच्या जाण्याने आपण व्याकूळ होतो, ती येण्यापूर्वी हा प्रदेश निर्जन नव्हता. दक्षिण सस्कॅचेवानमधील जमिनीविषयीचा चौथा करार १५ सप्टेंबर १८७४ रोजी क्वापेल येथे क्री, सोल्टो व इतर आदिवासी राष्ट्रांशी झाला, रानगव्यांचे कळप पुढच्या काही वर्षांत नाहीसे झाले आणि या लोकांना राखीव जमिनींवर जावे लागले. तेथे त्यांनी शेती आरंभली, तेव्हा १८८९ पासून काही वर्षे त्यांना यंत्रे वापरण्यास मनाई करून हातअवजारांवरच ठेवण्याचे धोरण सरकारने राबवले. म्हणजे एका समाजाला यंत्र मिळाले म्हणून घर सोडावे लागले आणि दुसऱ्याला ते मिळू दिले नाही म्हणून शेती सोडावी लागली. या दुसऱ्या घटनेची पडकी घरे उरलेली नसल्याने तिचे छायाचित्र निघत नाही.

शेवटी परवानगीचा विषय, कारण आपले पान पाहून येथे शिकायला आलेले मराठी विद्यार्थी कॅमेरे घेऊन निघतील हे मी जाणून आहे. पडके घर बेवारस नसते. ते ज्या शेतात आहे त्या शेताच्या मालकाचे असते. सस्कॅचेवानमध्ये १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, फलक लावलेला असो वा नसो, ग्रामीण खासगी जमिनीत शिरण्यापूर्वी मालकाची संमती घ्यावी लागते. पूर्वी फलक लावण्याची जबाबदारी मालकावर होती. हा बदल ग्रामीण चोऱ्या आणि अतिक्रमण यांवरील कडवट वादातून झाला. त्याच वादाच्या काळात, ऑगस्ट २०१६ मध्ये, बिगर गावाजवळच्या एका शेतावर एका क्री तरुणाचा शेतमालकाच्या पिस्तुलातून सुटलेल्या गोळीने मृत्यू झाला होता आणि २०१८ साली ज्यूरीने त्या मालकाला निर्दोष ठरवले. अंधुक उजेडात अनोळखी गाडी अंगणात शिरणे येथे कोणी सहज घेत नाही. शिवाय आतील फरशीची लाकडे कुजलेली असतात, गवतात जुन्या विहिरींची तोंडे लपलेली असतात आणि उंदरांच्या विष्ठेच्या धुळीतून हंताविषाणूचा संसर्ग होऊ शकतो. रस्त्यावरून लांब भिंग लावून घेतलेले चित्र बहुधा अधिक चांगले येते, असा माझा अनुभव आहे. रिजायनाभोवतीची चिकणमाती पाऊस पडल्यावर गाडीची चाके धरून ठेवते, तेव्हा आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर खडी नसलेल्या रस्त्यावर पहाटे जाऊच नये.

आपल्याला विनंती इतकीच, की यापुढे अशी छायाचित्रे छापताना प्रत्येकाखाली प्रांत, जवळचे गाव, महिना, सकाळ की संध्याकाळ, आणि भोवती कोणते पीक उभे आहे ते द्यावे, व चित्र मालकाच्या संमतीने घेतले आहे का हे छायाचित्रकाराला विचारावे. घराचा नेमका पत्ता मात्र देऊ नये, कारण प्रसिद्धी मिळालेल्या घरांतून दारे-खिडक्या चोरीला जातात. छायाचित्रकारांना ही माहिती मिळवणे अवघड नाही. येथील ग्रामीण नगरपालिकांच्या कार्यालयांत जमीनमालकांची नावे दाखवणारे नकाशे विकत मिळतात, त्यावरून फोन करता येतो, आणि पेरणी किंवा सुगीच्या घाईचे दिवस वगळले तर बहुतेक शेतकरी होकार देतात. त्या घरात कोण राहत होते आणि ते कोणत्या वर्षी गेले, हेही तेच सांगतात.

आपला,
एक वाचक
रिजायना, सस्कॅचेवान, कॅनडा